दोरीपलीकडचे पाय

२ नोव्हेंबर
धाकटी शारू आली. वर्षभर आफ्रिकेत होती, शांतिसेनेच्या पोलिसांत. तिथं तापाची साथ. म्हणून विमानतळावरून थेट गच्चीवरच्या खोलीत; एकवीस दिवस कुणाला शिवायचं नाही. ताट जिन्याच्या पाचव्या पायरीवर ठेवून मी खाली यायचं, मग तिनं उचलायचं.
अप्पा शिलाई मशीन सोडून जिन्याशी आले आणि वाकलेच. आमच्या विठ्ठलाच्या मंडळींत कुणी आलं की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. लहान-मोठं पाहत नाहीत.
"अप्पा, बेड, बेड! नको! लांब व्हा!" शारू वरून अर्धं कानडीत ओरडली.
ते पायरीला हात लावून परतले. "बापाला ऑर्डर देते."

४ नोव्हें.
ताप दोनदा मोजायचा, आरोग्य खात्याला फोन करायचा. ९८.२. ९८.४.
वर शा.ची पावलं. आठ, वळण, आठ. कॉलेजात कविता शिकवतानाही डोक्यावर कुणी चालतंय असं. मुली छताकडे बघायला लागल्या.

५ नोव्हें.
शेजारच्या पद्माबाई गल्लीतून, मान वर करून: "काय गं पोलीस, तूच जेलात काय?"
शा. खिडकीतून: "होय मामी. भेटायला याल?"
पद्माबाई दोन पावलं मागं.

७ नोव्हें.
दुपार. गच्चीवर चादरी वाळताहेत. मी टाकीपाशी, ती खिडकीत. ऊन इतकं पांढरं की ती बोलतेय की चादर, कळेना.
तिथलं युद्ध केव्हाच संपलंय. पण युद्धात बंदूकवाले रस्त्यावर आडवी दोरी बांधायचे. दोरीशी गाडीतून उतरवलेली माणसं पुष्कळदा परतली नाहीत. आता साथ आली तर वस्तीभोवती पुन्हा दोरी, पुन्हा गणवेश. आजारी माणसं घरात लपवायचे, दारं लावून घ्यायचे.
"आम्ही रोग अडवायला उभ्या होतो, अक्का. त्यांना वाटायचं, परत तेच सुरू झालं."

९ नोव्हें.
आज बाकीचं सांगितलं. चादरीकडे बघत.
तिची शेवटची ड्यूटी, निघायच्या तीन दिवस आधी. दोरीच्या आतून एक म्हातारी आली. तिला दुसऱ्या गावी लेकीकडे जायचं होतं. बाहेर सोडायचा हुकूम नव्हता. म्हातारीनं वाकून शा.चे बूट धरले. आणि शा.पण वाकली. तिच्या अनवाणी पायांना हात लावला. उघडा हात, मोजा नाही.
"विचारच नाही केला गं. घरी करतो तसं."
म्हातारीला वाटलं, परवानगी मिळाली. दोरीखालून निघून चालू लागली. शा.नं हाक मारली नाही. मारली असती तर तिथले शिपाई बंदुका घेऊन तिच्यामागे धावले असते.
अहवालात लिहिलं: विशेष काही नाही. विमानतळावरच्या फॉर्मात: कुणाला स्पर्श नाही.
मी खाली येऊन हात धुतले. कशासाठी, माहीत नाही.

११ नोव्हें.
कळवलं तर चौकशी. बढती नक्की जाणार, नोकरी कदाचित. नाही कळवलं तर म्हातारीला कुणी शोधणार नाही. ती गेली त्या गावालाही कुणी सावध करणार नाही.
स्टाफरूममध्ये डोळा लागला. तिकडचा लाल मातीचा रस्ता आमच्या अग्रहारच्या चौकात येऊन मिळतोय. म्हातारी अप्पांच्या दुकानात झंपराचं माप द्यायला उभी. अप्पा टेप घेऊन उठतात. मला ओरडायचं असतं. आवाज—

१३ नोव्हें.
शा.नं स्वतःच अप्पांना सांगितलं. ती खिडकीत, ते जिन्यावर, गळ्यात टेप तसाच.
त्यांनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. मग, "वाकलीस ते ठीक केलंस."
"अप्पा, मी—"
"मग त्या म्हातारीला सोडून कशी आलीस?"
शा.नं खिडकीचा गज धरला. "ऊटा करून घे, ताट गार होतंय," अप्पा म्हणाले आणि उतरले. दिवसभर मशीन ऐकू आलं नाही.

१४ नोव्हें.
पहाटेच शा.नं फोनवरून वरिष्ठांना सगळं लिहून पाठवलं. इथल्या डॉक्टरांनाही सांगितलं. माझ्याकडून एकच शब्द विचारून घेतला: 'वाकले' लिहू की 'स्पर्श केला'? दोन्ही लिही म्हटलं.
संध्याकाळी पावलं हलकी वाटली. की मलाच.

१६ नोव्हें.
सकाळी १००.१. पुन्हा मोजला. १००.४.
पावलं नाहीत.
तासाभरात अँब्युलन्स. प्लास्टिकच्या पोशाखातली दोन माणसं, चेहरे नाहीत. त्यांनी दारासमोर दोरी बांधली. गल्ली एकदम रिकामी, एकेक खिडकी लागत गेली. पद्माबाईंचीसुद्धा.
शा. स्वतःच्या पायांनी उतरली. पंधरा दिवसांनी तिला पूर्ण पाहिलं. खिडकीत मावत नव्हती इतकी उंच आहे, विसरलेच होते.
आम्हाला समोरच्या कट्ट्यावर उभं केलं होतं. अप्पा वाकले. जागेवरच, हात जमिनीला. एकजण "हिंदे होगी! मागं व्हा!" म्हणाला, पण ते पुढं गेलेच नव्हते.
शा.नं पाहिलं. दोरीच्या आत तीही वाकली. मधे सगळी गल्ली.
दोघंही लवकर उठले नाहीत.

१८ नोव्हें.
तपासणीचा निकाल आज येणार होता, उद्या म्हणतात. म्हातारीला शोधायला माणसं गेल्याचं तिकडून कळवलंय, पुढं काही नाही. नाव कुणाला माहीत नाही. शा.नं विचारलं नव्हतं.
अप्पांनी मशीन सुरू केलंय. मी पाचव्या पायरीवर ताट ठेवून आले. मग आठवलं.