मम्मी हरवली त्या दिवशी

चंडीगड, सेक्टर ३७
११ मार्च १९९८

प्रिय नरेंद्र,

लडाखहून आलेल्या तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मी मुद्दाम आठवडा लावला. त्याच दिवशी लिहिलं असतं तर नुसतं भांडण झालं असतं.

शाळेचं तुला ठाऊकच आहे. मुलाखतीत बाईंनी सफरचंदाचं चित्र दाखवून इंग्रजीत रंग विचारला आणि आपली साडेचार वर्षांची अवनी गप्प बसली. ‘स्लो आहे,’ असं त्या तिच्यादेखतच म्हणाल्या. शेजारच्या हिमानीने मुलाखतीची शिकवणी सुचवली. मी नाही म्हटलं आणि अवनीला रोज माझ्याबरोबर बाजारात न्यायला लागले. चक्कीवरचं पीठ गरम का असतं, हे तिने त्यात हात घालून विचारलं. भेंडीचं टोक मोडून कोवळी कुठली, जून कुठली, ते सांगते. घरांवरचे आकडे मोठ्याने वाचत चालते. दहा मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागतो. लागू दे.

गेल्या शनिवारी मंडीच्या गर्दीत तिचा हात सुटला. वीस मिनिटं मी वेड्यासारखी धावत होते. अवनीबद्दल शाळेचं, आईंचं, तुझं, तुम्हा सगळ्यांचंच बरोबर होतं, असंही क्षणभर वाटलं. शेवटी ती नेहमीच्या बटाटेवाल्या सरदारणीपाशी पोत्यावर बसलेली दिसली. स्वतःहूनच तिच्याकडे गेली होती आणि चक्क पंजाबीत म्हणाली होती, “बीजी, मेरी मम्मी गुआच गई ए.” म्हणजे हरवले होते मी! घराचा नंबर, सेक्टर, चक्कीपासून कुठे वळायचं, सगळं तिने सांगून ठेवलं होतं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. रडले मीच.

आईंनी एप्रिलची पुण्याची तिकिटं पाठवली आहेत. मी अवनीला पोचवून परतायचं आणि तिने तिथे राहून ‘सुधारायचं’. तूही लिहिलंस, आई म्हणते तसं कर. नरेंद्र, काल मी ती तिकिटं रद्द केली. आईंनाही आजच कळवते आहे. कोपऱ्यावरच्या छोट्या शाळेत अवनीचं नाव घातलंय. हे पत्र परवानगीसाठी नाही, तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून आहे. भांडायचं असेल तर मेमध्ये सुट्टीवर ये आणि समोर बसून भांड. अवनी इथेच असेल.

तुझीच, पण या बाबतीत न ऐकणारी,
विनया