मागच्या सीटवरचा हात

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार

आष्ट्याला जाऊन आलो. शेवटी चाचांच्या मर्सिडीजचा भाव मलाच करायला लागला! आयुष्यभर लोकांच्या जुन्या गाड्यांना किंमत लावत सांगली-सातारा पालथा घातला, पण ह्या गाडीवर ही वेळ येऊ नये असं वाटायचं. अजमल चाचांना जाऊन वर्ष झालं. शाहजादी चाचीचं नाव पुढच्या हजसाठी लागलंय. तिचा वाईचा जावई स्वतःचा हज करून आलेला, तो ह्या वेळी चाचांच्या नावानं जाणार. दोघांचा खर्च गाडीतून काढायचा. चाची म्हणाली, "त्यांच्या गाडीच्या पैशानं त्यांचा हज. दुसऱ्या कुणाचा रुपाया नको."

गाडी १९८६ची. हळदीच्या धंद्यात बरकत होती तेव्हा चाचांनी मुंबईच्या लिलावात घेतलेली. बिस्किट रंग, आत त्याच रंगाचं चामडं. लोहचुंबक सगळीकडून फिरवला, पत्र्यावर कुठंही खड्डा बुजवायला लांबी भरलेली नाही. किल्ली फिरवली की इंजिन चालू! टपावर मात्र ओरखडे. ते असणारच. आष्ट्यातल्या निम्म्या लग्नांना हीच गाडी. घर कुणाचंही असो, चाचा नाही म्हणायचे नाहीत, स्वतः चालवायला जायचे, वर डिझेलचे पैसेही घ्यायचे नाहीत. माझी नवरीसुद्धा ह्याच गाडीतून आली. हारांच्या दोऱ्या, चिकटपट्ट्या, सगळं टपावर उमटलंय.

आणि मागच्या सीटवर मेंदीचा हात! पाची बोटं स्पष्ट, करंगळी जरा लांब फाकलेली. कुण्या नवरीनं ओल्या मेंदीचा पंजा टेकवलेला. चामड्यात पार मुरलाय.

चाचीला म्हणालो, "हे काढायला लागेल. डोळ्यात खुपतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला खुपत असंल तर काढ, बाळा." आणि चहा ठेवायला आत गेली.

१३ ऑगस्ट

माझा हिशेब: डाग काढून दहा लाख. डागासकट आठ. दोघांचा हज दहातच बसतो.

१७ ऑगस्ट, रविवार

साताऱ्याच्या राजवर्धन साहेबांचा फोन. हॉटेलवाले, जुन्या गाड्यांचे वेडे. असे वेडे आहेत म्हणून आमची चूल पेटते. त्यांनी एकच विचारलं, "इलियासभाई, गाडी आहे तशीच आहे ना?" मी म्हटलं, "साहेब, बघाल तेव्हा शोरूममधून काढलीय असं वाटेल!" ते नुसतं "हं" म्हणाले. पुढच्या महिन्यात बघायला येतात.

डागावर लिंबू झालं, स्पिरिट झालं, साबण झाला. हटायचं नाव नाही. कुठली मेंदी होती कोण जाणे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सीटा काढून सांगलीत जोतीराम कुशनवाल्याकडे टाकल्या. तो म्हणाला, "भाऊ, एकच तुकडा बदलला तर गोधडी दिसंल. पुढच्या-मागच्या सगळ्याच नव्या करू." पटलं. "जुनं चामडं ठिवायचं हाय का?" मी म्हटलं, "कशाला? टाक." विषय संपला.

घरी येऊन डबा उघडून जेवलो. माझी रुमाना असती तर टोमणा आलाच असता, "गाड्यांना बघता तेवढं मला न्हाई बघितलं कवा." चार वर्षं झाली तिला जाऊन. टोमणे मारायला कुणी नाही हेही एक सुखच म्हणायचं! — खोटं लिहिलं. काही सुख वगैरे नाही.

३ सप्टेंबर

सीटा बसवल्या. झकास! टाके सरळ, रंग अगदी मिळता. चाचीला बोलावून मागं बसवलं. तिनं सीटवरून हात फिरवला. "गार लागतंय," म्हणाली आणि लगेच उतरली. म्हाताऱ्या माणसांना नवं काही आवडत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आज माझी अक्कल कळली.

राजवर्धन साहेब आले. बॉनेट उघडून इंजिन ऐकलं, खाली वाकून पत्रा बघितला, खूश. मग दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. "चामडं कुठंय?"

"नवं टाकलं, साहेब. एकदम फर्स्ट क्लास."

"अहो, मी तेच बघायला आलो होतो! रंग परत देता येतो, पत्रा ठोकता येतो. पण एवढ्या वर्षांचं मूळचं चामडं शाबूत असलेली गाडी सापडत नाही. काय झालं होतं त्याला?"

"मागं मेंदीचा हात उठला होता."

ते हसले. "तो तर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला असता! त्या हातासकट तुम्हाला दहा दिले असते."

आता सहा. त्यावर एक पैसा नाही. मी पुष्कळ घासाघीस केली, पण मनातून मला कळत होतं, सहाच बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर मीही सहाच म्हटलं असतं. साध्या गाडीला नवं सीट कव्हर घातलं की भाव चढतो — जन्मभर हेच केलं, तीच सवय इथं नडली. चाची दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मला तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

८ सप्टेंबर

आष्ट्याला गेलो. वरचे चार मी भरतो म्हटलं. चाचीनं मान हलवली. "चुकलास म्हणून देतोस. तसल्या पैशानं हज न्हाई करायचा. त्यांचा होऊ दे, जावई जाऊन येतील. माझं बघू, बोलावणं आलं तर."

"चाची, तुझे गुडघे..."

"गुडघ्याचं तू नगं सांगू. गाडीचं सांग, कवा न्यायला येणार हायत?"

बहात्तर वर्षांची बाई. आता नाही तर कधी जाणार? चाचांच्या मागून फिरण्यात तिचं आयुष्य गेलं. तिचं स्वतःचं असं हे एकच मागणं होतं आणि ते माझ्यामुळं हुकलं. मला माझी लाज वाटते.

१४ सप्टेंबर, रविवार

गाडी गेली. गल्ली सगळी बाहेर आली होती. शेजारच्या बनाबाई डोळे पुसत होत्या, "आमची नीलिमा ह्याच गाडीतनं सासरी गेली वं." चाचीनं मागच्या काचेवर हात ठेवला, ओठातल्या ओठात काही पुटपुटली. गाडी वळणावर गेली तरी ती तिथंच उभी.

मग मला म्हणाली, "ते जुनं चामडं जपून ठिव हां घरात. उंदरं लागतील."

"ते टाकलं, चाची."

"टाकलं? समदं?"

"सगळंच."

ती ओट्यावर बसली. मला वाटलं, पैशाचं दुःख आता बाहेर येतंय. पाणी आणून दिलं, ते तिनं घेतलं नाही.

१५ सप्टेंबर

चामडं तिला कशाला हवं होतं? डोक्यातून जात नाही. उद्या जाऊन विचारतो.

१६ सप्टेंबर

चाची म्हणाली, "तुला बघवत न्हाई म्हणून काढतोयस, असं वाटलं मला. पर टाकशील असं न्हाई वाटलं. रुमानाचा हात हुता त्यो. लग्नाच्या आदल्या दिवशी लाईट न्हवती, मेंदी सकाळी लावली, वाळलीच न्हाई. पलूसवरनं येताना कृष्णेच्या पुलावर रडाय लागली. मी पाठीवरनं हात फिरवत हुते, तरी सीट सोडंना."

जोतीरामकडे तसाच गेलो. कचऱ्याची गाडी केव्हाच घेऊन गेली.

त्या दिवशी मी पुढं बसलो होतो, चाचांच्या शेजारी. नवऱ्यानं तेव्हा पुढंच बसायचं असायचं. ते गिअर कसा पडतो ते दाखवत होते आणि मी इंजिन ऐकत होतो. मागं ती रडत होती हे मला आज कळलं.