पोस्टरवरची पाच माणसं

जयपूर,
ता. १८ डिसेंबर १९६६

ती. शालनताई,

नमस्कार. आम्ही सगळे इथे सुखरूप आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझं पार्सल परवा पोचलं. त्याचं पुढे सांगते.

थंडी कडक आहे. यंदाही पाऊस झाला नाही, त्यामुळे सी-स्कीमसारख्या साहेबांच्या वस्तीतसुद्धा नळ सकाळी घटकाभर येतो, आणि तोही करंगळीएवढा. रेशनला अमेरिकेचा लाल गहू. आमचा दिलीप ताटावर बसून म्हणतो, "आई, ये रोटी नहीं, चप्पल है." पोरांची मराठी आता अशी झाली आहे. ह्यांच्याकडे तक्रार करावी तर हे देशाचं सांगत बसतात. माणसं वाढली, धान्य-पाणी वाढलं नाही. गव्हाची बोट आली नाही तर उपाशी मराल. खरंच आहे ते. मी कुठे नाही म्हणते?

ह्यांचं कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचं काम जोरात चाललं आहे. गेल्या वर्षी ह्यांनी आम्हा दोघांचा आणि तीन मुलांचा फोटो हौसेने पोस्टरला दिला, हे तुला ठाऊक आहेच. खाली मोठ्या अक्षरांत 'दो या तीन बच्चे, बस'. ते आता गावोगाव लागलंय. भाजी आणायला गेले की भिंतीवरून मीच माझ्याकडे बघत असते.

मागच्या आठवड्यात सांगानेरच्या पुढे एका खेड्यात बायकांचं शिबिर होतं. कुठल्याशा जागतिक संस्थेच्या परदेशी डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, मुलं किती? मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "थ्री." मी शाल पोटावर ओढून घेतली. बाईंनी काही न बोलता आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. पण पुढ्यात बसलेली एक म्हातारी गप्प बसणारी नव्हती. एकदा पोस्टरकडे, एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "बहनजी, अब ये चौथा कहाँ बैठेगा?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

ताई, किती फिरवून फिरवून लिहितेय मी.

ह्यांनी भाऊजींना काय कळवलं, ते मला तुझ्या पार्सलमधल्या चिठ्ठीवरून समजलं. मी बाळंतपणाला सांगलीला यायचं, मूल तुझ्या ओटीत घालायचं आणि एकटीने परतायचं. टोपडी-दुपटी पुढ्यात ठेवून मी ह्यांना विचारलं. म्हणाले, "ज्याच्याकडे जास्त आहे त्याने नसलेल्याला द्यावं. जग असंच चालतं. अमेरिका आपल्याला गहू देतेच ना?" शिवाय पोस्टरही खोटं पडत नाही, ते मात्र बोलले नाहीत.

मूल म्हणजे गहू नव्हे, हे सांगताना माझा आवाज चढला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तुझ्यावर माझा राग नाही. तू किती वाट पाहिलीस, ते मी पाहिलंय. दुपट्यांवरचे तुझे ते बारीक टाके बघून मला रडू आलं. वाटलंसुद्धा, द्यावं. तू माझ्याहून चांगलं वाढवशील. पाण्याच्या रांगा बघते तेव्हा ह्यांचंही पटतं. आणि तेवढ्यात पोटात लाथ बसते, की पटलेलं सगळं निघून जातं. काल दिवसभर घरात नुसत्या येरझारा घालत होते. दूध दोनदा उतू गेलं.

मला विचारलं असतंत तर मी काय म्हणाले असते, देव जाणे. कदाचित हो म्हणाले असते. पण तुम्ही तिघांनी ठरवलंत आणि मला कुणी विचारलंच नाही.

मी सांगलीला येत नाही. इथेच बाळंत होईन. तू ये. महिनाभर राहा, बाळाला न्हाऊ-माखू घाल, मांडीवर निजव. पण जाताना तुला एकटीलाच जावं लागेल, हे समजून ये. हे वाचून तू आली नाहीस, तरी मी तुला बोल लावणार नाही.

तुझी धाकटी बहीण आणि चौघांची आई,
जयंती