माहुआंगवरचा फेस

प्रिय रुईयिंग,

तुझं पत्र पोचलं. माझ्या नातीला, लानलानला पुन्हा धाप लागते, तुमच्या ताययुआनच्या डॉक्टरीणबाई धापेवर माहुआंग वनस्पतीपासून केलेल्या गोळ्या देतात आणि तू त्या कपाटात ठेवून देतेस, हे जेवता जेवता वाचलं. तुझी आई म्हणाली, "पोरगी हट्टी आहे. कुणावर गेली, ते सांगायला नको." मी नूडल्सवर आणखी व्हिनेगर ओतलं.

इकडे दातोंगच्या टेकड्यांवर माहुआंगची कापणी झाली. आपल्या औषधांच्या दुकानात हिरव्या काड्यांच्या जुड्या आल्यात. हात लावला की तू आठवतेस. लहानपणी स्टुलावर चढून लाकडी पळीने काढ्यावरचा फेस काढायचीस आणि गिऱ्हाइकांनाही दटावायचीस, "आधी एकटी माहुआंग उकळा, फेस टाका, मगच बाकीची औषधं!" फेस राहिला तर छाती धडधडते, हे मी गुरूंच्या पळीचे फटके खाऊन शिकलो. तुला नुसतं बघून आलं.

दोन वर्षांपूर्वी लानलान इथे श्वासासाठी तडफडत होती, तेव्हा काढा मीच केला. श्वास मोकळा झाला, पण पोर ओकली, दुपारभर तिची छाती धडधडत राहिली. तू विचारलंस, "बाबा, फेस काढला होता ना?" मी ओरडलो, "चाळीस वर्षं हेच करतोय. तू मला शिकवतेस?" तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस आणि माहुआंगचं नावच टाकलंस.

रुईयिंग, मी फेस काढला नव्हता. आपलं जुनं गिऱ्हाईक, म्हातारा कुओ, दारात उभा राहून माझ्या हातगुणाचं कौतुक करत होता आणि मी फुशारून ऐकत बसलो. मडक्याकडे पाहिलं तेव्हा फेस आत विरला होता. बाकीची औषधं तशीच टाकली. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! तुझ्या नजरेतून उतरायची भीती वाटली, म्हणून दोन वर्षं गप्प राहिलो, आणि माझ्या खोट्यापायी पोर तिकडे धापा टाकते आहे. डॉक्टरीणबाईंना हे सगळं सांग. मग त्या म्हणतील तितकी गोळी तिला दे. वसंतात तिला घेऊन ये. स्टूल अजून तिथेच आहे. पळी तिच्या हातात देऊ, आणि मी विसरलो तर पहिला फटका तिनेच मारायचा.

चुकलेला, तरीही तुझाच,
बाबा