डोंगराचं वाक्य

३ मार्च
खर्जरावांचा आवाज जाणार! घशात गाठ आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. ऑपरेशन एकवीस तारखेला. फोनवर हे त्यांनीच सांगितलं, तेही माझ्या राणीच्या आवाजात, नाकातून: "आम्ही राज्यत्याग करीत आहोत." मी हसले. मग फोन ठेवला.

सहा कादंबऱ्या मी लिहिल्या, ऑडिओबुकमधून ऐकवल्या त्यांनी. लोक माझ्या अक्षरांपेक्षा त्यांचा घसा ओळखतात. आता सातवी, शेवटची. पहिल्या भागापासून मुका उभा असलेला डोंगर हिच्या शेवटी बोलणार आहे. एकच वाक्य. त्यासाठी त्यांनी एक आवाज राखून ठेवलाय. कुणाला ऐकवलेला नाही, बायकोलाही नाही. वहिनीच सांगत होत्या.

ते वाक्य माझ्याकडे नाही.

४ मार्च
संपादकाला कळवलं: कादंबरी जूनऐवजी पंधरवड्यात. "बाई, घाई कशाला? दुसरा निवेदक बघू." नाही म्हटलं. आवाज चढला माझा! त्याच्याइतकंच मलाही नवल वाटलं.

९ मार्च
प्रिंटरमधून कागद गरम निघतात, तसेच स्टुडिओत त्यांच्या हातात. आज दरबाराचा प्रसंग. राणी, नावाडी, तिन्ही जादूगार आणि पोरगी, सगळे एकदम भांडतायत.

"बाई, एका तोंडातून इतकी माणसं? तोंड आहे की धर्मशाळा!"

मग डोळे मिटून बसले. राणी नाकात, नावाडी पोटात, पोरगी दातांच्या फटीत — प्रत्येकाची जागा ठरलेली. कागदाचा आवाज येऊ नये म्हणून वाचलेलं पान अलगद हवेत उचलतात. काचेपलीकडून मी बघत होते. ओठ एकाच माणसाचे. पण पोरगीने नावाड्याला मध्येच तोडलं, तेव्हा त्या दोघांमधलं अंतर मला दिसलं. मी लिहिलं तेव्हा ते नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते, हे जग मी केलं!

१४ मार्च
डोंगराच्या तोंडी शाप लिहिला. खोडला. उपदेश लिहिला. खोडला. जो येतो तो डोंगराकडे काहीतरी मागतो. ही पोरगी चढून जाते आणि काहीच मागत नाही. थकून नुसती बसते. मग तो काय बोलेल?

१९ मार्च
सगळं वाचून झालं, ते वाक्य सोडून. डेडलाइन मी कधी चुकवलेली नाही, म्हणून एक लिहूनच नेलं. चांगलं भारदस्त.

त्यांनी कागद पाहिला. पाणी प्यायले. आणि तो राखलेला आवाज काढला. काच थरथरली की मी, सांगता येत नाही. रेकॉर्डिंग करणारी मुलगी बटण बंद करायचं विसरली.

जरा वेळाने स्वतःच्या आवाजात म्हणाले, "आवाज खरा आहे, बाई. वाक्य खोटं आहे. पुसा."

"अहो, पण परवा—"

"परवाचं परवा. डोंगर इतका थांबलाय. जागा रिकामी ठेवा."

पुसलं. वाक्याबरोबर तो आवाजही गेला. घरी येऊन रडले.

२१ मार्च
ऑपरेशन झालं. गाठ निघाली. आवाजही.

८ एप्रिल
संपादक म्हणतो, "डोंगराला दुसऱ्याचा आवाज लावू. कुणाला कळणार?" मला कळेल, म्हटलं. माझं पहिलंच अडलेलं पुस्तक. खर्जराव पाटीवर लिहून गप्पा मारतात. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. आज लिहिलं: "राणीला पेन्शन बसते का?"

२ मे
ऑपरेशनमध्ये श्वासासाठी त्यांच्या मानेत पाडलेल्या भोकात एक छोटी झडप बसवलीय. भोकावर बोट दाबायचं आणि श्वास वर ढकलायचा. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काहीही बोला, आजोबा. आ, ई, काहीही." वहिनी सकाळपासून मांडीवर डबा घेऊन बसलेल्या, झाकणही न उघडता.

त्यांनी बोट दाबलं. आधी नुसता वारा. मग खडे घरंगळल्यासारखं काहीतरी, फार खालून. वहिनींकडे बघत:

"जेवलीस का?"

वहिनींनी डबा उघडला. मी पर्समध्ये पेन शोधत होते. सापडेना.

२० मे
स्टुडिओ. पोरगी शिखरावर थकून बसली. खर्जरावांनी मानेवर बोट ठेवलं. डोंगराने तिला तेच विचारलं.