टिकेशभाऊचा घाम

आई, गोंदियावरून दिव्याचा पायलागू.

मी मजेत आहो. पोलीस भरतीसाठी मी ज्या ग्रुपसंगं धावून राहिली, तो दर रविवारी धावत तळ्यावर जातो आणि काठी माजलेली बेशरमाची झुडपं उपटतो.

ग्रुपचे अध्यक्ष टिकेशभाऊ मात्र गाडीनं येतात. काल घाम दिसावा म्हणून त्यांनी तोंडावर बाटलीचं पाणी मारलं! मग कुदळ घेऊन फोटोसाठी उभे. मले म्हणाले, "बाजूला हो, चिखलानं भरली आहेस."

"काऊन? तुमच्या कुदळीले तर मातीच नाही लागली!"

पोरी हसल्या. टिकेशभाऊंनी तिथंच मले ग्रुपमधून काढलं. अशा ढोंग्याले कोण विचारते?

आज एकटीच तळ्यावर गेली, तर ग्रुपमधल्याच चार पोरी आधीच चिखलात उतरल्या होत्या.

चिखलात माझा पाय मुरगळून सुजला आहे, भरतीपर्यंत सूज उतरेल. बाबाले सांगू नको. तुझी कंबर कशी आहे?

तुझीच,
दिव्या