सुपाआडचा चेहरा

॥ श्री मार्कंडेश्वर प्रसन्न ॥

मु. मोहटोला, जि. चांदा
चैत्र वद्य, सन १९५६

श्रीयुत गुणवंतराव भाऊ यांस सोमाजीचा दोन्ही हात जोडून रामराम.

तुमची तब्येत, वहिनीबाईंचे गुडघे आणि गिरणीचा पट्टा ही तिन्ही आता धडधाकट असतील अशी आशा करतो. (मागच्या पत्रात तिन्हींची तक्रार एकाच ओळीत होती, म्हणून चौकशीही एकाच ओळीत.) इकडे मोहफुलं यंदा भरपूर पडली. पहाटे वेचायला जातो तेव्हा सगळ्या रानाला इतका गोड वास असतो की देवाचं नाव घ्यायलाही तोंड उघडवत नाही. आमच्या मुखरूचं माजरीहून पत्र आलं. पोरगा कोळशाच्या खाणीत रोज उतरतो आणि रोज वर येतो, त्याबद्दल मार्कंड्याच्या महादेवाला नारळ फोडला. तुमची बहीण वच्छला ठीक असावी. 'असावी' असं लिहितो, कारण बरेच दिवस मी तिला पाहिलेलं नाही. ती कुठे गेलेली नाही. या घडीला माझ्यापासून चार हातांवर बसली आहे, पण तोंडापुढे सूप धरून.

जेवायला वाढते तीही सूप धरूनच. एका हातात सूप, दुसऱ्या हातात पळी. (कढी पुष्कळदा ताटाबाहेर पडते, पण त्याबद्दल बोलायची माझी हिंमत नाही.) सुपाच्या कडेवरून तिचे केस दिसतात, खालून लुगड्याचा काठ दिसतो आणि मधे बांबूच्या कामट्या बोलतात. तुमच्या बहिणीशी लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण असा पडदा तिनं नवरी असतानासुद्धा केला नव्हता. हे कसं झालं ते सांगायचं तर माझ्या डोक्यापासून सुरुवात करावी लागते.

माझी अर्धशिशी तुम्हाला माहीत आहे. लहानपणी धानाच्या रोवणीच्या दिवसांत शिदोरी उशिरा आली की डोक्याचा उजवा भाग कोणी उखळात कांडल्यासारखा दुखायचा. पण दोनेक वर्षांपासून दुखण्याच्या आधी दुसरंच काही होऊ लागलं. आधी डोळ्याच्या कडेला करवतीच्या दातांसारखी एक रेघ थरथरते, पाण्यावर ऊन थरथरतं तशी. ती सरकत मधे येते आणि मग समोरच्या वस्तूचा अर्धा भाग जातो. तिथे काळोख होत नाही, डागही दिसत नाही. तिथे कधी काही नव्हतंच असं दिसतं. धान कापणीच्या वेळी डोमा कोतवाल डफडं घेऊन दवंडी द्यायला आमच्या दारी आला, तर मला त्याचा एक डोळा, अर्धी मिशी आणि एकच कान दिसला. बाकीच्या अर्ध्या तोंडाच्या जागी मागची कुडाची भिंत होती, सारवलेली, स्वच्छ. आणि त्या अर्ध्या तोंडातून दवंडी मात्र पुरी येत होती. घाबरून मी घरात ते बोलून बसलो. डोमाला त्याच आठवड्यात धानाच्या बांधीत साप चावला आणि तो गेला.

तरी मी मनाला समजावलं. मग महाशिवरात्रीला शेजारच्या रुखमाबाई बेल मागायला आल्या, आणि त्याही अर्ध्या. होळी त्यांनी पाहिली नाही. (त्या इतक्या म्हाताऱ्या होत्या की गावात कोणाला आश्चर्य वाटलं नाही, फक्त मी रात्रभर दिवा लावून बसत होतो.) तेव्हापासून गावाचे दोन भाग पडले. अर्धे लोक मी दिसलो की धोतराचा सोगा तोंडावर घेतात, आणि अर्धे सकाळीच अंगणात येऊन उभे राहतात की भाऊ, एकदा नीट पाहून घ्या. भजनाला मला सगळ्यांच्या मागे बसवतात, म्हणजे मला फक्त पाठी दिसाव्यात. आठवडी बाजारात शफी शिंपी मशीन घेऊन येतो, तो एक दिवस दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "सोमाजीभाऊ, बाह्या दोन्ही दिसून राहिल्या ना? मंगच सदरा कापतो." लोक हसले. मीही हसलो. पण हसणं संपल्यावर शफीनं मला हळूच बाजूला घेऊन पुन्हा विचारलं.

डोमाच्या आधीच, ही रेघ दिसू लागली त्याच वर्षी, मी चांद्याला डाक्टरकडे गेलो होतो. भला माणूस. म्हणाला, हे भूत नाही आणि यमही नाही, ही अर्धशिशीच आहे, आणि खाण्यातलं काहीतरी तिला उठवतं. एक एक पदार्थ सोडून पहा. फरक पडला नाही तर तो पुन्हा सुरू करा आणि दुसरा सोडा. आता भाऊ, तुम्हीच सांगा, आपल्याकडे पदार्थ सोडण्याची एकच रीत आहे. मार्कंड्याला जायचं, वैनगंगेत बुडी मारायची, हातावर पाणी घ्यायचं आणि महादेवापुढे सोडायचं, ते जन्मासाठी. मी आधी वांगी सोडली. फरक नाही. भेदरं सोडली (तुम्ही मूल गावचे लोक टमाटर म्हणता). फरक नाही. कांदा गेला, गूळ गेला, तुरीची दाळ गेली. आंबा सोडला त्या दिवशी तर महादेवालाही वाईट वाटलं असेल. हे सगळं सोडूनही डोकं थांबेना, म्हणून जोडीला सोमवार धरले, दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. डाक्टरनं पुढच्या खेपेला विचारलं, यातलं पुन्हा काय काय सुरू केलं? मी म्हणालो, "डाक्टरसाहेब, महादेवाले दिलेलं मी वापस कसं मांगू?" त्यानं कपाळाला हात लावला आणि डोळे मिटले. मी त्याला सांगितलं की माझंही अगदी असंच सुरू होतं.

आता सुपाचं सांगतो. या महिन्यातल्या एका सोमवारी, भर दुपारी, वच्छला अंगणात वाळत घातलेली मोहफुलं सुपात पाखडत होती. वारा नव्हता. रानातला एक पक्षीही बोलत नव्हता. मी ओट्यावर जप करत बसलो होतो. सहज वर पाहिलं, आणि ती डावीकडून अर्धी नव्हती. जिथे तिचा गाल असायचा तिथे मागच्या चटईवरची मोहफुलं दिसत होती, एकही फूल न हलता, जणू त्या जागी कोणी बाई कधी बसलीच नव्हती. एकच हात होता आणि सूप हवेत हलत होतं. अर्धं तोंड मला म्हणालं, "काऊन असे पाहून राह्यले?"

मी पटकन जपमाळेकडे पाहिलं. पण भाऊ, माझा चेहरा मला न विचारता सगळं सांगून टाकतो. तिनं पाखडायचं थांबवलं. सूप हळूच वर आलं, मोहफुलं तिच्या मांडीवर सांडली, आणि ते सूप तेव्हापासून तिथेच आहे.

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं सुनेला लोणच्याच्या बरण्या दाखवल्या. नवं लुगडं शेजारच्या पोरीला देऊन टाकलं. गायीच्या कानात काहीतरी सांगून आली. आणि मला सुपाआडून एवढंच म्हणाली की आता पुन्हा पाहू नका, उरलेलं अर्धंही जाईल. सुनेच्या सांगण्यावरून कळतं की ती जेवत नाही. सुपाखाली तिचं मनगट दिसतं, त्यावरच्या बांगड्या आता कोपरापर्यंत जातात.

मग मी महादेवापुढे बसून नीट विचार केला. डोमा आला तो सोमवार. रुखमाबाई आल्या ती शिवरात्र, म्हणजे निरंकार उपास. वच्छला दिसली तो सोमवार. लहानपणीची ती उशिरा आलेली शिदोरी. भाऊ, मी काय खातो याच्यात कुठेच खोट नव्हती. मी खात नाही यातच ती होती. वांगी बिचारी फुकट गेली.

खात्री करायची म्हणून बुधवारी, कसलंही व्रत नसताना, मी दुपारपर्यंत उपाशी राहिलो आणि माणसं टाळून गोठ्यात जाऊन बसलो. रेघ आली. आमचा म्हातारा बैल पांढऱ्या समोर होता. त्याचा पुढचा अर्धा भाग गेला. मागचे दोन पाय आणि शेपूट तेवढी उभी होती, आणि जिथे काहीच नव्हतं तिथून रवंथ केल्याचा आवाज येत होता. भिऊन मी खांबाकडे पाहिलं, तो अर्धा. पाण्याच्या घागरीत वाकून पाहिलं तर मी स्वतः अर्धा. दुसऱ्या दिवशी वेळेवर भाकर खाऊन त्याच जागी बसलो, तर बैल शिंगांपासून शेपटीपर्यंत पुरा.

हे सगळं मी वच्छलाला मोठ्या आनंदानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग सुपामागून म्हणाली, "बैलाचं काय होते ते पाहू आधी. तो मेला नाई तर मीबी नाई मरत." आता बैल म्हातारा आहे, हे तुम्हाला माहीत आहे आणि तिलाही. म्हणून आपल्या वाट्याची भाकर ती रोज त्याला चारते. पांढऱ्या तुकतुकीत झाला आहे, भाऊ. त्याचं अंग भरतं आहे आणि तुमच्या बहिणीचं उतरतं आहे, आणि मी त्या दोघांच्या मधे वाटी घेऊन उभा आहे.

असो. तुम्हाला काळजी लावावी म्हणून हे लिहिलं नाही. मला तुमच्याकडून काहीही नको. थोरा-मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा
सोमाजी

ता. क. — एक लहानसं काम आहे. भर सोमवारी दुपारी मी पोट भरून वच्छलाकडे पहावं आणि ती मला पुरी दिसावी, तरच सूप खाली येईल, असं ती कबूल झाली आहे. पण सोमवार महादेवाला दिलेले आहेत. मार्कंड्याच्या पुजाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, व्रत मोडता येत नाही, पण जवळच्या नात्यातलं माणूस तोंडानं हो म्हणून आपल्याकडे घेऊ शकतं. वच्छलाला द्यावेत तर ती आधीच उपाशी. मुखरूला द्यावेत तर तो उपाशीपोटी खाणीत उतरायचा. तेव्हा माझे सोमवार तुम्ही घ्यावेत. जन्मभराचे आहेत. तुम्हाला सकाळी चिवडा, दुपारी भात आणि मधे मधे गिरणीतल्या मुरमुऱ्यांची सवय आहे, हे मी विसरलेलो नाही. उलट तुमच्या अंगात पुष्कळ शिल्लक आहे, हाच आधार वाटतो. येत्या सोमवारच्या आत येऊन महादेवापुढे हो म्हणावं.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवणार तोच तिच्या उपाशी हातातून सूप निसटून खाली आलं. भाऊ, मी तिचं तोंड पुरं पाहिलं. गाल आत गेले आहेत, पण दोन्ही आहेत. मला रडू आलं. पण तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे चोळले, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "तुमचा उजवा कान कुठी गेला?" मी तिला तेव्हाच समजावलं की हेच तर मी सांगत होतो, ही भूक आहे, आणि सुनेला ताट वाढायला लावलं. ती जेवते आहे. दुसरी भाकर घेतली आहे. माझं म्हणणं खरं ठरलं, देवाची कृपा. कान जागेवर आहे, लिहिता लिहिता हात लावून पाहिला, आताही पाहिला. फक्त ती घास घेताना मधेच थांबते, माझ्या उजव्या कानाकडे पाहते आणि नजर वळवते. तेव्हा सोमवारची वाट पाहू नका, पत्र मिळताच निघा.